अक्षरांचा नखरा

माझ्या नाकावर राग असतो हे अर्ध्या राजुऱ्याला माहीत होतं, आणि उरलेल्या अर्ध्याला आमच्या दुकानात एकदा येऊन गेल्यावर कळायचं. दुकान म्हणजे नवऱ्याचा फोटो स्टुडिओ. मागच्या खोलीत त्याचे दिवे, निळा पडदा आणि पासपोर्ट फोटोसाठी खुंटीला टांगलेला एक काळा कोट. तो कोट घालून गावातले कितीतरी पोट्टे नोकरीच्या अर्जावर साहेब होऊन बसलेत. पुढच्या खोलीत मी आणि माझा कॉम्प्युटर. लग्नाआधी चंद्रपूरला मी डीटीपीचा कोर्स केला होता, त्यामुळे लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, तेरवीच्या चिठ्ठ्या, सगळं माझ्या हातून जायचं. तेरवीच्या चिठ्ठीत कोणी खोट काढली तर मी त्यालाही सोडत नसे.

दोन हजार सालानंतर रोलचे कॅमेरे हळूहळू गेले, नवऱ्यानं डिजिटल घेतला आणि फोटो थेट माझ्या पडद्यावर यायला लागले. त्याच सुमारास नागपूरहून मी एक सीडी आणली. तिच्यात दोनशेच्या वर फॉन्ट होते. बापा रे, काय सांगू तो आनंद! कोर्समध्ये आम्हाला चार फॉन्ट शिकवले होते, चारही इस्त्री केलेले आणि आंबट तोंडाचे. इथं एकेका अक्षराला वेल फुटलेली, कुणाची वेलांटी पार पुढच्या शब्दावर जाऊन बसलेली, कुणाला शिरोरेघच नाही. त्यावर सावली पाडता येते, कडेनं सोनेरी रंग भरता येतो, अक्षर फुगवता येतं, गोल वळवता येतं. त्या आठवड्यात मी दोनदा वरणात मीठ विसरले आणि नवरा बिचारा न बोलता जेवला.

मग एका मासिकात वाचलं, की फोटो नुसते अल्बमात खोचायचे नसतात. ते कॉम्प्युटरवर पानावर मांडायचे, सोबत चार ओळी लिहायच्या, फुलं-पानं लावायची आणि छापून पुस्तक बांधायचं. त्याला म्हणे डिजिटल स्क्रॅपबुक म्हणतात. मी लगेच दारावर पाटी लावली, ‘डिजिटल स्क्रॅपबुक बनवून मिळेल’.

नवरा पाटीकडे पाहून म्हणाला, “अवं, स्क्रॅप म्हणजे भंगार. उद्या लोकं फुटके पंखे घेऊन येतीन.”

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एक माणूस खरंच आला आणि जुनी सायकल घेता का म्हणून विचारायला लागला. नवरा मागच्या खोलीत जाऊन कोटाआड हसत बसला. मी मुकाट्यानं पाटी बदलली आणि ‘आठवणींचं पुस्तक’ असं लिहिलं.

धंदा मात्र चालला. वाढदिवस, बारसं, गुरुजींचा निरोप समारंभ, लोक फोटो आणून देत आणि मी पानं सजवत असे. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण माझ्या हौसेला लगामही नव्हता. एका पानावर पाच-पाच फॉन्ट. बाळाचं नाव फुग्याच्या अक्षरात, जन्मवार तिरका, आजोबांचा आशीर्वाद सोनेरी आणि तोही बाळाच्या पाळण्यावरून गोल फिरवलेला. लोक म्हणायचे, “बाई, काय झकास केलं!” मी फुगायची. दोन वर्षं मी अशीच फुगत होते.

अशातच एका उन्हाळ्याच्या शेवटी ती मुलगी आली. वीस-एकवीस वर्षांची, सावळी, डोळ्याला डोळा भिडवून बोलणारी. जवळच्या गावातली, तलावाच्या काठी ढिवर मासेमारांची वस्ती आहे तिथली. बाप लहानपणीच तापानं गेला होता. आई आमच्याच राजुऱ्याच्या गुजरीत, रोजच्या बाजारात, मासोळ्या विकायची. मुलीनं नर्सचा कोर्स केला होता आणि तिला दूर जंगलात एटापल्लीकडे नेमणूक मिळाली होती. पावसाळ्यात नाले चढले की तिकडचे रस्ते बंद होतात, म्हणून पुढच्या सोमवारीच हजर व्हायला सांगितलं होतं.

तिनं पिशवीतून आठ फोटो आणि वहीचं एक पान काढलं. “ताई, मायसाठी पुस्तक बनवा लागते. शुक्रवारपर्यंत होईन का?”

“मायला वाचता येतं का?” मी आपलं सहज विचारलं.

“वाचता येत होतं. बाबा गेले त्याच्या दुसऱ्या साली आमच्या गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. माय रोज संध्याकाळी जाये. सही शिकली, मग वाचाले लागली. पण मी मोठी झाली तसं तिनं सोडून देल्लं. कागद आला का माह्याच हातात देते. तूच वाच म्हणते.”

“मग आता?”

“तिथं फोन लागत नाई, ताई. चिठ्ठीच लिहा लागते. अन् चिठ्ठी शेजाऱ्यानं वाचून दाखवाची असली, तर मी त्यात काय लिहू? मी बरी आहे, तू बरी राह्य, एवढंच नं? मनातलं कसं लिहू?” तिनं फोटो माझ्याकडे सरकवले. “फोटो पाहून पाहून ती खालचं वाचेल. सवय पुन्हा लागेल. मग चिठ्ठी तिची तीच वाचेल. नाईतर माय एकटी पडते, ताई. तिले दुसरं कोणीच नाई.”

मी म्हटलं, “तू काळजी करू नको. असं पुस्तक करते की तुझी माय खाली ठेवणार नाही.”

आणि लागले कामाला. खरंच सांगते, तेवढी मेहनत मी स्वतःच्या लग्नपत्रिकेवर घेतली नव्हती. मुलीनं वहीच्या पानावर प्रत्येक फोटोखाली लिहायच्या ओळी दिल्या होत्या. ‘हे बाबा. सोसायटीचा फोटो. डावीकडून तिसरे.’ मी म्हटलं, हे काय लिहिणं झालं? पंचनामा आहे का हा? मी त्याचं केलं, ‘जलाशयाच्या साक्षीने उभे असलेले आमचे पितृछत्र’. फोटोत मच्छीमार सोसायटीची माणसं जाळी घेऊन तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, उभी होती. मी ती ओळ त्यांच्या मागच्या पाण्यावर बसवली, पाण्याच्याच निळ्या रंगात, लाटेसारखी वळवून, आतून चमक देऊन. आईचा गुजरीतला एक फोटो होता, माझ्याच नवऱ्यानं कधीतरी काढलेला, पुढ्यात टोपलं आणि टोपल्यात मरळ. त्यावर तर मी कहर केला. सगळी अक्षरं वाकवून वाकवून त्या ओळीची मासोळीच बनवली. शेपटीसकट. स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घ्यावी असं वाटलं मला.

शुक्रवारी दुपारी गुजरी उठल्यावर दोघी आल्या. आई बुटकी, काटक, पन्नाशीची. तिनं रिकामं टोपलं दाराशी ठेवलं, डोक्यावरची चुंबळ काढून बाकावर ठेवली, बाहेरच्या नळावर दोनदा हात धुतले, पदराला पुसले आणि मगच पुस्तक हातात घेतलं. पहिल्याच पानावर तिला आपल्या नवऱ्याचा चेहरा दिसला. बोटानं तो चेहरा हलकेच पुसला.

“हा पाह्य तुया बाप,” ती मुलीला म्हणाली. “केवढा गोरा केला वो ह्याले!”

ते माझ्या नवऱ्याचं काम होतं. त्याच्या हाती आलेला प्रत्येक माणूस गोरा होऊन जायचा.

तिनं सगळी पानं पाहिली, सावकाश, एकेक. मासोळीच्या पानावर हसली. मग पुस्तक कपाळाला लावून म्हणाली, “लय सुंदर केलं, बाई. मी हे देवाजवळ ठेवतो.”

माझा ऊर भरून आला. मुलीचा नाही आला. ती म्हणाली, “माय, वाच नं.”

आईनं पुन्हा पहिलं पान उघडलं. त्यावर बोट ठेवलं. बोट थोडं पुढे गेलं, मागे आलं. ओळ लाटेसारखी वळली होती म्हणून तिनं पुस्तकच तिरकं केलं, मग आणखी तिरकं केलं. ओठ हलले आणि थांबले. मग ती आमच्या कोणाकडेच न बघता हसली. “विसरली मी. ह्या वयात काय ध्यानात राह्यते?” पुस्तक मिटून तिनं पदरात गुंडाळलं. “मी होतो पुढं. तू शिंप्याकडून तुये कपडे घेऊन ये.”

ती टोपलं उचलून स्टँडकडे निघाली. मुलगी माझ्यासमोर तशीच उभी.

“ताई, मी सोमवारी नाई जात.”

“डोकं फिरलं का तुझं?” मी ओरडलेच. “लोक नोकरीसाठी चपला झिजवतात, आणि तू...”

“तिचं तोंड पाह्यलं नाई का तुम्ही? लाज वाटली तिले. माही चिठ्ठी आली तर ती कोणाकडं घेऊन जाणार नाई, मले माहीत आहे. न वाचताच डब्यात ठेवून देईन अन् एकटी बसून राहीन.” तिचे डोळे भरले होते. ती वळली आणि शिंप्याच्या दुकानाकडे चालू लागली.

मी नवऱ्यावर घसरले, कारण तोच समोर होता. “एवढं केलं मी, आणि त्या बाईला आता वाचताच येत नाही त्याला मी काय करू?”

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. “काऊन चिडून राह्यली? तुये पानं कोण वाचते?”

“म्हणजे?”

“म्हणजे लोकं फोटो पाह्यतात. अक्षराले छान म्हणतात. वाचत कोणीच नाई. मीबी आजपर्यंत वाचलं नाई.”

दोन वर्षं! दोन वर्षं हा माणूस माझ्या शेजारी बसून ती पानं छापत होता, कापत होता, बांधत होता, आणि त्यानं एक ओळ वाचली नव्हती. मी रागानं फळीवरचं नमुन्याचं पुस्तक ओढलं, म्हटलं आत्ता वाचून दाखवते. त्या बारशाच्या पानावर आजोबांचा आशीर्वाद होता, पाळण्यावरून गोल फिरवलेला, सोनेरी. मी मान वाकडी केली. मग पुस्तक फिरवलं. माझंच लिहिलेलं, आणि मला तिसरा शब्द लागेना. तेवढ्यात बाकावर आईची चुंबळ राहिलेली दिसली. ती उचलली आणि तिथून पळ काढला.

स्टँड आमच्या दुकानापासून हाकेच्या अंतरावर. तीन लाल गाड्या लागल्या होत्या. आई पहिल्या गाडीपुढे उभी होती, मान वर करून. मी हाक मारणार होते, पण तिचे ओठ हलताना दिसले म्हणून थांबले. तिचा हात कमरेशी होता आणि एक बोट हळूहळू डावीकडून उजवीकडे सरकत होतं. तिनं मान हलवली, दुसऱ्या गाडीपुढे गेली. पुन्हा ओठ, पुन्हा बोट. पुन्हा नाही. तिसऱ्या गाडीपुढे मात्र बोट अर्ध्यावर आल्याबरोबर ती टोपलं घेऊन आत चढली. कंडक्टरला विचारलं नाही, कोणालाच विचारलं नाही.

मी खिडकीपाशी धावले. “मावशी! तुम्हाला तर वाचता येतं!”

ती दचकली. “हे? हे काय वाचणं हाये, बाई? ही गाडीची पाटी हाये.”

“मग पुस्तकातलं का नाही वाचलं?”

“त्यात कुठी लिवलं होतं?” तिनं खरोखरच विचारलं. “मले तर सगळी नक्षीच वाटली. पोरगी म्हणाली वाच, तवा समजलं का लिवलं बी हाये. अन् शोधलं त सापडे ना.”

चुंबळ तिच्या हातात दिली आणि गाडी गेली. मी तिथंच उभी. कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. त्या बाईनं उन्हातान्हात टोपलं वाहून, संध्याकाळी वर्गात बसून एकेक अक्षर कमावलं होतं, आणि माझ्या हौसेपायी ती आज स्वतःलाच अडाणी समजून घरी चालली होती. मला माझीच चीड आली. मग मी उरलेल्या गाड्यांच्या पाट्या पाहायला लागले. खऱ्या अर्थानं पहिल्यांदा पाहिल्या. पांढऱ्यावर काळं अक्षर. जाड, उभं, मोकळं. वर सरळ शिरोरेघ, अक्षर तिला धरून लटकलेलं. मागे ना फूल ना पाणी. दोन गावांच्या मध्ये चांगली जागा सोडलेली. पेंटरनं काही नखरा केला असता तर रोज निम्मे लोक भलत्याच गावी उतरले असते.

“बाई, कुठी जाच हाये?” एका कंडक्टरनं विचारलं. “केव्हाच्या पाट्या वाचून राह्यल्या.”

“कुठीच नाही.”

“मंग बाजूले व्हा नं, गाडी काढाची हाये!”

घरी आले ती थेट कॉम्प्युटरवर बसले. सगळं नव्यानं करायला घेतलं. मुलीला निरोप धाडला, रविवारी सकाळी आईला घेऊन ये, कारण विचारू नको. दीड दिवस हातात, त्यात त्या दिवसांचं लोडशेडिंग. वीज यायची तेवढ्यात काम करायचं, गेली की कागदावर पेन्सिलीनं पान आखायचं. खरं सांगू? वीज नसताना जे आखलं तेच जास्त बरं जमलं, कारण पेन्सिलीला चमक देता येत नाही.

पहिल्यांदा फोटोवरची सगळी अक्षरं उचलली. फोटो फोटोच्या जागी, आणि त्याच्या खाली कोरी पांढरी जागा फक्त लिहिण्यासाठी. मग सावल्या गेल्या, सोनेरी कडा गेल्या. मासोळीची शेपटी सोडवताना जीव तुटत होता हो, खोटं कशाला बोलू. दोनशे फॉन्टांतून पाटीच्या जवळ जाणारा शोधायला लागले तर शेवटी हाताशी लागला तो कोर्समधल्या त्या चार आंबट तोंडांपैकीच एक. तोच जाड केला आणि सगळ्या पुस्तकाला तोच लावला. आकार किती ठेवायचा ते कळेना. आई पन्नाशीची, चष्मा नाही, पुस्तक हात लांब करून धरणार. म्हणून एक पान छापलं आणि नवऱ्याला म्हटलं, चष्मा काढ आणि हात लांब करून वाच.

त्यानं वाचलं. मग म्हणाला, “अन् दोन शब्दांमधी जागा वाढव. एकामेकाच्या आंगावर पडून राह्यले.”

मी जागा वाढवली. एरवी वाक्य कागदाच्या कडेला पोचलं की कॉम्प्युटर आपोआप खाली ढकलतो, मग ओळ कुठेही तुटते. मी ते बंद केलं. तोंडानं म्हणून पाहायचं, जिथं श्वास थांबतो तिथं ओळ तोडायची. माझं ‘पितृछत्र’ वगैरे सगळं पुसून टाकलं आणि मुलीच्या वहीतल्या ओळी जशाच्या तशा घातल्या. ‘हे बाबा. सोसायटीचा फोटो. डावीकडून तिसरे.’ आता वाचलं तर त्यात एक शब्द जास्त नव्हता. पण सवय काही पुरती जात नाही. प्रत्येक पानावरचे एक-दोन शब्द तेवढे मी अजून ठळक आणि मोठे केले, जे मला महत्त्वाचे वाटले ते. तेवढा नखरा राहू दे म्हटलं.

रविवारी दोघी आल्या. सोमवारची पहाटेची गाडी होती, पण मुलीनं ट्रंक भरलीच नव्हती, हे तिनं दारातच मला हळूच सांगितलं. आई बाकावर बसली आणि नवं पुस्तक पाहून कुरकुरली. “एक त होतं नं, बाई. दुसरं काऊन केलं?”

“ते देवाचं,” मी म्हटलं. “हे तुमचं.”

तिनं हात लांब करून पुस्तक धरलं. बोट ठेवलं. मला तर जशी काही माझीच बोर्डाची परीक्षा.

“हे... बाबा,” ती म्हणाली. थांबली. मग पुढे, अडखळत, पण पुढे. “सोसाय...टीचा फोटो. डावी...कडून... तिसरे.”

मग तिचं बोट फोटोवर गेलं आणि डावीकडून मोजायला लागलं. एक, दोन, तीन. नवऱ्यावर येऊन थांबलं. “हो! तिसराच हाये!” ती एवढ्या जोरात म्हणाली की मागच्या खोलीतून माझा नवरा बाहेर आला.

मुलीनं तोंडावर हात धरला. आईनं पान उलटलं. मुलीचा चौथीतला फोटो. वाचला. तलाव आणि त्यातलं कमळ. वाचलं. आता ती आम्हाला विसरली होती. गुजरीतल्या फोटोखाली होतं, ‘माय मरळ विकते. भाव कमी करत नाही.’ ते वाचून म्हणाली, “काऊन करू?” आणि पुढचं पान उलटलं.

त्या पानावर मायलेकी घरापुढे उभ्या होत्या. बाप गेल्यानंतर कुठल्याशा सरकारी अर्जासाठी काढलेला फोटो. मुलगी दहा-अकराची, आईच्या कपाळावर कुंकू नाही. खाली तीन ओळी.

“बाबा गेले,” आईनं वाचलं. “माय... रडली... नाही. मायनं टोपलं... उचललं.”

ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आता मनात. बोट मधल्या ओळीवर राहिलं, हलेना. मला वाटलं एखादं अक्षर अडलं. मी वाकून पाहिलं.

“हे कोणं लिवलं?” तिनं विचारलं.

“मी,” मुलगी म्हणाली. “काऊन वो माय?”

“खोटं हाये.”

तिनं त्या ओळीवर बोट आपटलं.

“खोटं हाये हे. मी रडली नाई?” तिचा आवाज चढला. “रोज रडली मी. तू शाळेत गेली का तलावाच्या पाळीवर जाऊन रडे. अन् तू येण्याच्या आधी मी तोंड धुऊन घरी येत होती. तुले दिसू देल्लं नाई, म्हणून काय रडलीच नाई?” तिनं मान माझ्याकडे फिरवली. “अन् तू बाई, हेच मोठ्ठं करून लिवलं!”

खरंच होतं. त्या पानावर मी ठळक केलेले शब्द तेच होते, ‘रडली नाही’. मला ते फार भारी वाटले होते. आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या गिऱ्हाइकानं माझी चूक काढली आणि मला राग आला नाही. आला आनंद, आणि तोही असा की काय करू ते सुचेना. परवा अक्षर सापडत नव्हतं त्या बाईला, आणि आज ती लिहिलेल्याशी भांडत होती.

मुलगी मात्र आईकडे बघतच राहिली होती. “माय,” ती म्हणाली, “मी बी शाळेत रडत होती. मागच्या बाकावर बसून. तुले समजू नये म्हणून घरी येताना नळावर तोंड धूत होती.”

आईनं पुस्तक मांडीवर ठेवलं. एवढी वर्षं एका घरात राहून दोघी एकमेकींपासून तोंड धुऊन येत होत्या. आईनं हात पुढे केला आणि मुलीचा गाल चोळला, जोरात, जसा लहान पोराचा चोळतात. दोघी रडल्या. मी पण रडले, लाजायचं काय त्यात. नवऱ्यानं न सांगता प्रिंटरमध्ये कागद भरला.

“काढ ते,” आई मला म्हणाली. “अन् लिव. माय रोज रडे. पोरगी बी रडे.”

मी टाइप केलं. मग विचारलं, “मावशी, आता यातलं ठळक कोणतं करू?”

ती पडद्याकडे बघत विचार करत होती. “कोणतंच नको. दोन्ही सारखंच राहू दे.”

पान छापून निघालं. शाई वाळायची वाट न बघता तिनं ते घेतलं, हात लांब केला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचलं, या वेळी कुठेच न थांबता. नंतर ते मुलीच्या हातात दिलं नाही, स्वतःच पुस्तकात नीट ठेवलं.

“घरी चाल. तुई ट्रंक भराची हाये,” ती मुलीला म्हणाली. “अन् तिथून चिठ्ठी लिवजो. पण खरं लिवजो. जीव लागत नसन त लागत नाई म्हणून लिवजो, रडली त रडली म्हणून लिवजो. आता मी वाचून राह्यली.”